तुमचे प्रश्न : गाव, शहर आणि मधलं अंतर

प्रादेशिक आराखडे करणाऱ्या, ते शिकणाऱ्या आणि त्यांवर हरकती लिहिणाऱ्या वाचकांनी विचारलेले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतली हिशेबाची उदाहरणं रीत समजावी म्हणून दिली आहेत. आकडे आपापल्या क्षेत्रातले घालावेत.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्षेत्रात एक मोठं शहर, चार छोटी शहरं आणि साठेक गावं आहेत. शहर कुठे संपतं आणि गाव कुठे सुरू होतं, यावरच घोडं अडलं आहे. प्रशासकीय हद्द धरावी का?

उत्तर : माहिती गोळा करायला प्रशासकीय हद्द सोयीची असते, पण माणसं तिला विचारून ये-जा करत नाहीत. दोन वेगळ्या कसोट्या लावून पाहा.

पहिली कसोटी घनतेची. क्षेत्रावर एक किलोमीटर बाजूच्या चौकटी आखा. दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० लोक असलेल्या आणि एकमेकींना लागून असलेल्या चौकटींचा गट करा. त्या गटात ५०,००० लोक भरले तर ते शहर. घनता किमान ३०० आणि गटाची लोकसंख्या किमान ५,००० असेल तर छोटं शहर किंवा उपनगरी पट्टा. बाकीचं ग्रामीण. देशादेशांतली तुलना करता यावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये हीच पद्धत मान्य केली.

दुसरी कसोटी ये-जा करण्याची. ज्या वस्तीतले किमान १५ टक्के कामकरी रोज शहरात कामाला जातात, ती वस्ती शहराच्या प्रवासक्षेत्रात धरतात. पण यातून फक्त नोकरीचा आवाका कळतो. बाजाराची रेषा वेगळी निघते, दवाखान्याची त्याहून वेगळी. तिन्ही रेषा एकाच नकाशावर काढा आणि सर्वांत बाहेरची रेषा हद्द म्हणून धरा. त्याच्या पलीकडचा एक पट्टाही माहितीपुरता घ्या. हा पट्टा वगळला की काठावरच्या गावांचे खरे शेजारी नकाशाबाहेर राहतात, ती गावं उगाच एकाकी दिसतात आणि नको तिथे नवं सेवाकेंद्र सुचवलं जातं.

काही प्रदेशांत अशी रेषा निघतच नाही. जावा बेटावर दाट वस्ती, भातशेती, कारखाने आणि दुकानं मैलोन्‌मैल एकमेकांत मिसळलेली आहेत. टेरी मॅकगी या भूगोलतज्ज्ञाने अशा पट्ट्यांना ‘देसाकोटा’ म्हटलं. इंडोनेशियन भाषेत ‘देसा’ म्हणजे गाव आणि ‘कोटा’ म्हणजे शहर. तुमचं क्षेत्र तसं असेल तर रेषेचा हट्ट सोडा आणि पाणी, सांडपाणी व रस्ते यांपुरता तो सगळा पट्टा एकच माना.

प्रश्न : वस्त्यांची श्रेणी लोकसंख्येवरून लावली तर काय बिघडतं? माहिती तेवढीच सहज मिळते.

उत्तर : सहज मिळते म्हणूनच बहुतेक आराखडे तिथे फसतात. शहराला लागून वीस हजारांची वस्ती असते, पण तिथे लोक फक्त झोपायला येतात. आडरस्त्यावरच्या चार हजारांच्या गावात मात्र तीस गावांचा बाजार, दवाखाना आणि दुरुस्तीची कामं चालतात. लोकसंख्येने लावलेल्या यादीत पहिली वस्ती वर जाते आणि निधीही तिकडेच जातो.

त्यापेक्षा सेवांचा तक्ता करा. आडव्या ओळींत वस्त्या, उभ्या रकान्यांत सेवा. पंचवीस ते चाळीस सेवा पुरतात. सगळीकडेच असलेली सेवा वगळा, कारण तिच्यामुळे वस्त्यांमधला फरक कळत नाही. नोंद प्रत्यक्ष पाहूनच करा. इमारत आहे पण डॉक्टर नाही, तर तिथे शून्य. कागदावरच्या सेवा मोजल्या की सगळा तक्ता फुगतो आणि जिथे सेवेची सर्वांत जास्त निकड आहे तेच गाव सुस्थितीत दिसतं.

मग प्रत्येक सेवेला भार द्या. संपूर्ण क्षेत्रात ती सेवा जितक्या ठिकाणी आहे, त्या आकड्याने १०० ला भागा. ४० ठिकाणी असलेल्या सेवेला प्रत्येकी २.५ गुण, दोनच ठिकाणी असलेल्या शस्त्रक्रियागृहाला प्रत्येकी ५०. वस्तीच्या सगळ्या गुणांची बेरीज म्हणजे तिचं केंद्रत्व. आठवडी बाजाराला सातव्या हिश्शाचा भार देण्याची चूक बरेच जण करतात. त्या एका दिवशी पूर्ण आठवड्याचा व्यवहार होतो, त्यामुळे त्याचा स्वतंत्र रकाना ठेवा आणि पूर्ण गुण द्या.

बेरजा उतरत्या क्रमाने मांडल्या की त्यांत मध्येच मोठ्या फटी दिसतात : ३१०, २९५, २८८ आणि एकदम १४०. श्रेणीची सीमा त्या फटीत घाला. समान अंतराने पाडलेल्या श्रेणी दिसायला नीटस असतात, पण २८८ आणि २९५ ला वेगळ्या पायरीवर बसवतात.

तक्त्याचा खरा उपयोग श्रेणी लावून झाल्यावर सुरू होतो. वस्त्या आणि सेवा दोन्ही क्रमाने लावल्या की नोंदींचा जिना तयार होतो. त्या जिन्यातली रिकामी खाच शोधा. बारा सेवा असलेल्या सगळ्या वस्त्यांत बँक आहे आणि एकीत नाही, तर तिथे बँक का नाही हे विचारा. पुष्कळदा नदी, जुना तंटा किंवा बंद पडलेली बस निघते. उलट एखाद्या छोट्या वस्तीत वरच्या पायरीची सेवा दिसली तर ती चालते कशी, ते पाहा. ती सरकारने नेऊन ठेवलेली असते किंवा त्या वस्तीचं प्रभावक्षेत्र तुम्ही कमी धरलेलं असतं.

पडताळ्यासाठी घरोघरी विचारायचा प्रश्न ‘तुम्ही कुठे जाता?’ असा नको. ‘मागच्या वेळी कुठे गेला होता?’ असा विचारा. पहिल्याला लोक सवयीचं नाव सांगतात, दुसऱ्याला खरं ठिकाण.

प्रश्न : पुस्तकांत षट्कोनांच्या आकृत्या येतात. प्रत्यक्ष आराखड्यात त्यांचं करायचं काय?

उत्तर : त्या आकृत्या केंद्रस्थान सिद्धांताच्या : प्रत्येक बाजारगावाभोवती त्याच्या गिऱ्हाइकांचं क्षेत्र षट्कोनी पडतं आणि छोट्या केंद्रांवर मोठ्या केंद्रांच्या पायऱ्या चढत जातात. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर ख्रिस्टालर याने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या वस्त्यांवरून हा सिद्धांत मांडला. त्याच्या मांडणीत सर्वांत खालच्या पायरीची बाजारगावं एकमेकांपासून सुमारे ७ किलोमीटरवर येतात, कारण माणूस साधारण तासाभराची पायपीट करून बाजार गाठतो. बाजाराच्या तत्त्वाने वरच्या प्रत्येक पायरीचं अंतर तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.७३ पट वाढतं : ७, १२, २१, ३६, ६२. वाहतुकीच्या तत्त्वाने ते दुप्पट होतं, कारण छोटं केंद्र दोन मोठ्या केंद्रांना जोडणाऱ्या रस्त्यावरच मध्ये बसतं. प्रशासनाच्या तत्त्वाने २.६५ पट, कारण तिथे कोणतंही छोटं केंद्र दोन अधिकाऱ्यांत वाटून चालत नाही.

हे सगळं सपाट, सारख्या सुपीकतेच्या आणि सारख्या लोकवस्तीच्या मैदानावर. म्हणून षट्कोन जमिनीवर आखू नका, ताळा पाहायला वापरा. तुमच्या दुसऱ्या पायरीच्या केंद्रांमधलं सरासरी अंतर १२ च्या आसपास आहे आणि एकाच कोपऱ्यात ते २५ होतं, तर त्या कोपऱ्यात डोंगर तरी आहे नाहीतर केंद्राची उणीव.

कोऱ्या जमिनीवर हा सिद्धांत जवळजवळ जसाच्या तसा वापरल्याचं उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. नूर्डओस्टपोल्डर ही समुद्रातून मिळवलेली सुमारे ४८,००० हेक्टर जमीन १९४२ मध्ये कोरडी झाली. मध्ये एमेलोर्ड हे मुख्य गाव आणि भोवती दहा गावांचं कडं बसवलं. गावांमधलं अंतर सायकलने जाता येईल असं. पुढे शेतीत यंत्रं आली, मजूर कमी लागले, घरोघरी मोटारी आल्या आणि कड्यावरची अनेक गावं अपेक्षेइतकी वाढली नाहीत. त्यानंतरच्या पूर्व फ्लेव्होलँड पोल्डरमध्ये गावांची संख्या मोठ्या प्रमाणात कमी करावी लागली. गावांचं अंतर ज्या वाहनावर बेतलं, ते वाहनच एका पिढीत बदललं. त्यामुळे तुमच्या आराखड्यात कोणत्या वेगाने तासभर धरला आहे, ते पहिल्या पानावर लिहा.

जाता जाता हेही नोंदवायला हवं की, नाझी राजवटीने व्यापलेल्या पोलंडची पुनर्रचना करायला हाच सिद्धांत वापरला आणि ख्रिस्टालर त्या कामात होता. तिथे ‘रिकामं मैदान’ हे गृहीतक माणसांना हुसकावून खरं करायचं होतं.

प्रश्न : किती लोकसंख्येला एक माध्यमिक शाळा, असा ठोकताळा हवा आहे.

उत्तर : दुसऱ्या प्रदेशातून आणलेला ठोकताळा सहसा चुकतो. उंबरठा, म्हणजे सेवा चालायला लागणारी किमान लोकसंख्या, स्वतःच काढा, दहा मिनिटांचं काम आहे. पाच इयत्ता, प्रत्येकी दोन तुकड्या, तुकडीत ४० मुलं, म्हणजे ४०० मुलं लागतील. त्या पाच वर्षांच्या वयोगटाचा लोकसंख्येतला वाटा ९ टक्के आणि त्यातली ८० टक्के मुलं शाळेत येतील असं धरलं, तर ४०० ला ०.०७२ ने भागायचं. उत्तर सुमारे ५,५५०. वयोगटाचा वाटा घटत असेल तर दहा वर्षांनंतरच्या वाट्याने पुन्हा भागा. तो ६ टक्क्यांवर आला की हाच उंबरठा ८,३०० च्या पुढे जातो. आज जेमतेम भरलेल्या शाळेच्या तुकड्या तेव्हा बंद पडू लागतील.

आता हे ५,५५० लोक किती अंतरात मिळतात ते पाहा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नकाशावर कंपासने वर्तुळ काढणं. ५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ ७८.५ चौरस किलोमीटरचं असतं. पण रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत असतील तर रस्त्याने ५ किलोमीटरमध्ये पोचता येणारं क्षेत्र चौकटीच्या पत्त्यातल्या आकारासारखं निघतं आणि ते अवघं ५० चौरस किलोमीटर भरतं. एक तृतीयांशाहून अधिक क्षेत्र गळालं. मध्ये नदी किंवा रेल्वेमार्ग असेल तर आणखी. अंतर नेहमी रस्त्याने मोजा आणि जमलं तर मिनिटांत मोजा.

उंबरठा भरत नाही आणि अंतरही परवडत नाही, अशा विरळ वस्त्यांत प्रत्येक गावाला थोडं थोडं देण्यापेक्षा चार-पाच गावांचा गट करून एका फाट्यावर सेवा एकत्र आणणं बरं. शाळेला आलेलं मूल औषध घेऊन परत जाऊ शकतं. फिरती सेवा हा तिसरा पर्याय, मात्र तिचा वार आणि वेळ दोन वेळा चुकली की लोक तिसऱ्यांदा येत नाहीत.

प्रश्न : दोन बाजारपेठांच्या मधली गावं कोणाच्या हिश्शात धरायची?

उत्तर : पहिला अंदाज सूत्राने घ्या. मोठ्या शहराच्या लोकसंख्येला छोट्या शहराच्या लोकसंख्येने भागा, वर्गमूळ काढा, त्यात १ मिळवा आणि दोघांमधल्या अंतराला त्याने भागा. जे उत्तर येईल तितक्या अंतरावर, छोट्या शहरापासून मोजून, सीमा पडते. शहरं ४,००,००० आणि २५,००० ची, अंतर ६० किलोमीटर : भागाकार १६, वर्गमूळ ४, अधिक १ म्हणजे ५. छोट्याचा पल्ला १२ किलोमीटर.

वस्त्यांच्या श्रेणीबद्दलच्या उत्तरात सांगितलेलं केंद्रत्व तुमच्याकडे तयार असेल तर लोकसंख्येऐवजी तेच घाला आणि किलोमीटरऐवजी मिनिटं घाला. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पाच-सहा गावांत जाऊन पडताळा केल्याशिवाय ही रेषा आराखड्यात छापू नका.

प्रश्न : आमच्याकडे १२ वस्त्या आणि त्यांना जोडणारे ११ रस्ते आहेत. आणखी तीन जोडरस्त्यांपुरता पैसा आहे. निवड कशी करावी?

उत्तर : बारा वस्त्या आणि अकरा रस्ते म्हणजे तुमचं जाळं झाडासारखं आहे : खोड, फांद्या, आणि कुठेही वळसा नाही. एक पूल खचला की त्यापलीकडचं सगळं तुटतं. हे आकड्यात दाखवायचं तर वळशांचा निर्देशांक काढा. रस्त्यांच्या संख्येतून वस्त्यांची संख्या वजा करून १ मिळवा. मग वस्त्यांच्या दुपटीतून ५ वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. आत्ता तो ० भागिले १९, म्हणजे शून्य. तीन रस्ते वाढले की ३ भागिले १९, सुमारे ०.१६. आकडा लहान वाटतो, पण शून्यापासून तिथवर जाण्यातच सर्वांत मोठा फरक पडतो. पुढचा प्रत्येक रस्ता याहून कमी देतो.

निवडीसाठी प्रत्येक संभाव्य रस्त्याचे दोन हिशेब करा.

पहिला वेळेचा. त्या रस्त्यामुळे कोणत्या वस्त्यांच्या जोड्यांचा सर्वांत जवळचा मार्ग बदलतो, रोज किती फेऱ्या होतात आणि फेरीमागे किती मिनिटं वाचतात, ते मांडा. समजा, ६ किलोमीटरच्या एका रस्त्याने ९०० फेऱ्यांची १२-१२ मिनिटं वाचतात : दिवसाला १८० तास, किलोमीटरमागे ३०. दुसरा फक्त २ किलोमीटरचा, ५०० फेऱ्यांची ९-९ मिनिटं वाचवतो : ७५ तास, पण किलोमीटरमागे ३७.५. छोटा रस्ता आधी घ्यावा. लांब रस्त्याची बाजू मांडणारे एकूण १८० हा आकडा पुढे करतील. त्यांना किलोमीटरमागचा आकडा दाखवा. पूल किंवा घाट असेल तर लांबीऐवजी खर्चाने भागा.

दुसरा हिशेब तुटण्याचा. आजच्या जाळ्यातला एकेक रस्ता बंद झाला असं मानून, किती लोक अडकतात आणि किती दिवस, ते लिहा. पुरामुळे वर्षातले साठ दिवस बंद असणारा रस्ता ‘आहे’ म्हणून मोजण्याला अर्थ नाही. तुमचा प्रस्तावित जोडरस्ता अशा ठिकाणी वळसा देत असेल तर वेळेच्या हिशेबात तो मागे असला तरी वर घ्यायला हरकत नाही.

आणि तिन्ही रस्ते एकदम निवडू नका. पहिला ठरला की जाळं बदलतं, म्हणून उरलेल्यांचे हिशेब पुन्हा करा. न केल्यास दोन समांतर रस्ते एकाच फायद्यासाठी बांधले जातात. असं होताना दिसतं, आणि दोन्ही रस्त्यांचे फलक मोठे असतात.

लांबी वाचवण्याच्या मोहाबद्दल एक सूचना. तीन वस्त्या एकमेकींपासून १० किलोमीटरवर असतील तर मध्यभागी मिळणारे तीन फाटे एकूण १७.३ किलोमीटरचे होतात, दोन बाजू बांधल्या तर २०, पूर्ण त्रिकोण ३०. सर्वांत कमी लांबी फाट्यांची, पण त्यांचं एकच मीलनस्थान. ते बंद पडलं की तिन्ही वस्त्या एकमेकींपासून तुटल्या. शिवाय काही वर्षांत त्या तिठ्यावर चौथी वस्ती उभी राहते. तिची जागा, पाणी आणि गटार आधीच धरा.

प्रश्न : मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी घरं आणि दुकानं लागत चालली आहेत. मालकांचं म्हणणं, रस्ता आहेच तर वापरू द्या. हे अडवायचं कशासाठी?

उत्तर : कारण तो रस्ता मग रस्ता राहत नाही. ६०० घरांचा हिशेब करू. प्रत्येक घराची रस्त्याकडची बाजू १५ मीटर आणि घरं दोन्ही बाजूंना असतील, तर पट्टी ४.५ किलोमीटर लांब होते. शाळा नेमकी मध्यावर ठेवली तरी सरासरी अंतर १.१ किलोमीटर आणि टोकाच्या घराला २.२५. हीच ६०० घरं हेक्टरी २५ या घनतेने एकत्र बसवली तर २४ हेक्टर लागतात. ते साधारण २७६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात मावतं आणि सरासरी अंतर १८५ मीटरच्या आत येतं. पट्टीतलं मूल सहा पट चालतं, तेही भरधाव वाहनांच्या कडेने.

शिवाय सरासरी दर साडेसात मीटरला एक फाटक. प्रत्येक फाटकापाशी वाहन वळणार, थांबणार, उलटं येणार. दोन शहरांमधला प्रवास मंदावतो, मग बाह्यवळण बांधलं जातं आणि घरं लागायला त्याच्याही कडेने सुरुवात होते. ब्रिटनमध्ये याच कारणासाठी १९३५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता.

नुसती बंदी टिकत नाही, कारण मालकाला रस्त्यालगतची जमीन सोडून दुसरी सोय नसते. मुख्य रस्त्याला काटकोनात आत जाणारे रस्ते आधी आखा, पाण्याची नळी आणि वीज त्यांच्या कडेने न्या आणि भूखंडांची तोंडं आत वळवा. आधीच लागलेल्या पट्टीत सेवारस्ता काढून फाटकं त्यावर घ्या आणि मुख्य रस्त्याला मोजकेच जोड द्या. सेवारस्त्याची जागा पहिल्याच आखणीत राखली नाही तर पुढे ती भिंती पाडून मिळवावी लागते. बहुतेक ठिकाणी मग ती मिळतच नाही.

प्रश्न : शहराभोवती हरितपट्टा ठेवला की गावं वाचतात, असं ऐकतो. खरं का?

उत्तर : पट्ट्यातली जमीन वाचते. पलीकडच्या गावांचं सांगता येत नाही. सेऊलने १९७१ पासून हरितपट्टा राखला. वाढ त्यावरून उडी मारून पलीकडच्या नव्या शहरांत गेली आणि लोक रोज पट्टा ओलांडून कामाला येऊ लागले. लंडनच्या पट्ट्यापलीकडेही हेच दिसतं.

कोपनहेगनने १९४७ मध्ये वेगळी वाट घेतली. वाढ पाच बोटांसारखी रेल्वेमार्गांच्या कडेने सोडली आणि बोटांच्या मधल्या बेचक्यांत शेती व मोकळी जमीन राखली. वाढीला जागा दिली, पण ठरलेल्या दिशेने. पुढे २००७ च्या योजनेत मोठी कार्यालयं स्थानकापासून ६०० मीटरच्या आत असावीत, असा नियम आला. बोटांचा आकार टिकला, त्यामागे अशा नियमांचा वाटा मोठा आहे. नियम नसता तर कार्यालयं महामार्गाच्या जोडांपाशी गेली असती आणि बेचकी भरली असती.

पट्टा असो वा बोटं, आधी जमिनीचा हिशेब मांडा. वीस वर्षांत ६०,००० लोक वाढतील आणि ढोबळ घनता हेक्टरी १२० असेल तर ५०० हेक्टर लागतील. जुन्या वस्तीतल्या मोकळ्या जागांत पाचवा हिस्सा सामावला तर ४००. ही जमीन कुठे ते आराखड्यात दाखवलं नाही तर ती पट्ट्यातूनच घेतली जाईल, आज नाही तर पुढच्या फेरबदलात. राखलेली जमीनही इतकी अरुंद ठेवू नका की शेतीची यंत्रं, पाट आणि गोठे तिथे टिकणार नाहीत. शेती परवडेनाशी झालेली राखीव जमीन काही वर्षांतच पडीक दिसू लागते आणि ‘पडीकच तर आहे’ हा युक्तिवाद तयार होतो.

प्रश्न : नवीन वस्तीसाठी जागा पाहतो आहोत. पूररेषा ‘शंभर वर्षांतून एकदा’ची आहे. तिच्या आत थोडं गेलं तर चालेल का?

उत्तर : नाही. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के भरते. पंचवीस वर्षांतून एकदाच्या रेषेत घर बांधलं तर तीस वर्षांत ती सुमारे ७१ टक्के होते. जागेचा नकाशा करताना पूर, तीव्र उतार, पाणथळ आणि पाण्याचे स्रोत आधी वगळा, उरलेल्या जमिनीवरच रस्त्याची सोय तपासा. उलट क्रमाने गेलं की रस्त्याजवळची पूरक्षेत्रातली जमीन ‘सोयीची’ ठरते. सांडपाणी शुद्ध करण्याची जागाही याच वेळी धरा. ती वस्तीच्या खालच्या अंगाला हवी, पण खालच्या गावाच्या विहिरींच्या वरच्या अंगाला नको.

प्रश्न : मोठा रस्ता झाला की छोट्या शहराचा विकास होतो, असं आराखड्यात लिहिलं आहे. आमच्या व्यापाऱ्यांना उलटी भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. रस्ता दोन्हीकडून वाहतो. अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं की, केंद्राची वाढ परिघाकडे पसरते तशीच परिघातली माणसं आणि भांडवल ती ओढूनही घेते. जपानमध्ये याला ‘स्ट्रॉ परिणाम’ म्हणतात. १९९८ मध्ये आकाशी काइक्यो हा समुद्रावरचा पूल झाल्यावर शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाचे गिऱ्हाईक खरेदीला कोबे-ओसाकाकडे जाऊ लागले, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण.

रस्ता खुला होण्याआधी तुमच्या शहरातल्या सेवांचे तीन गट करा. रोजच्या गरजेच्या सेवा टिकतात, कारण त्यांसाठी कोणी तासभर जात नाही. क्वचित लागणाऱ्या, निवड करून घ्यायच्या वस्तू आणि विशेषज्ञ सेवा सर्वांत आधी मोठ्या शहराकडे जातात. तिसरा गट उलट दिशेने येऊ शकतो : साठवण, माल निवडणं-भरणं, प्रक्रिया, म्हणजे ज्यांना जागा जास्त लागते आणि कच्चा माल जवळ हवा असतो. आराखड्यातला पैसा या तिसऱ्या गटाच्या जमिनीवर, विजेवर आणि जड वाहनांच्या रस्त्यावर घाला. रस्त्याच्या उद्घाटनाबरोबर मोठं व्यापारी संकुल बांधणं म्हणजे जो गट जाणार आहे त्याच्यासाठी इमारत उभी करणं. ‘विकासध्रुव’ (भोवतालच्या वाढीला चालना देणारं केंद्र) हा शब्द आराखड्यात आला असेल तर एवढं लक्षात घ्या की, फ्रांस्वा पेरू यांनी १९५५ मध्ये तो उद्योगांच्या परस्परसंबंधांबद्दल वापरला होता. नकाशावर ठिपका काढल्याने ध्रुव होत नाही.

प्रश्न : गावांना जोडणाऱ्या बसफेऱ्या आहेत, पण तालुक्याच्या ठिकाणी उतरल्यावर पुढची बस नुकतीच गेलेली असते. बस वाढवल्याशिवाय काही करता येईल का?

उत्तर : बहुतेक वेळा येतं. सगळ्या गावांच्या बस केंद्रात तासाला पाच मिनिटं कमी असताना पोचतील आणि तास उलटून पाच मिनिटांनी सुटतील, असं वेळापत्रक बांधा. दहा मिनिटांत कुठूनही कुठेही बदल करता येतो. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर असं ठरावीक ठेक्याचं वेळापत्रक आणलं. पुढे रेल्वेमार्ग सुधारतानाही त्यांनी हाच ठेका पाहिला. बर्न ते झ्युरिक प्रवास तासाच्या आत, ५६ मिनिटांवर आणण्यासाठी नवा मार्ग बांधला आणि तो २००४ मध्ये सुरू झाला. ठेका साधला की त्याहून वेगाची घाई नव्हती.

तुमच्याकडे अट एकच : केंद्रातून निघून परत येईपर्यंतचा वेळ, टोकाच्या विश्रांतीसह, ५० किंवा ११० मिनिटं हवा. जाताना ५०, टोकाला १०, येताना ५०, केंद्रात १०, एकूण १२०. दर तासाला फेरी द्यायला दोन बस पुरतात. आता कोणी सुचवतं, वाटेत आणखी एका वस्तीत वळवा, पाचच मिनिटं जातील. जाता-येता मिळून दहा, एकूण १३०. त्याला ६० ने भागलं की २.१७, आणि सव्वादोन बस मिळत नाहीत. तिसरी बस, तिसरा चालक लागतो किंवा ठेका मोडतो. टोकाची विश्रांती कापून वेळ भरून काढू नका. पहिल्या उशिराबरोबर सगळ्या फेऱ्या मागे पडतील. दोन जवळचे थांबे एकत्र करा, किंवा त्या वस्तीला मुख्य रस्त्यापर्यंत चांगली पायवाट आणि छपराचा थांबा द्या.

केंद्रातल्या स्थानकात मात्र सगळ्या बस एकाच वेळी येतात, म्हणून जितके मार्ग तितके फलाट लागतात. आठ मार्ग आणि पाच फलाट असतील तर उरलेल्या तीन बस बाहेर रस्त्यावर खोळंबतात आणि प्रवाशांचे बदल नेमके त्याच तीन बसचे चुकतात.